शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात गच्चीवरची कोणती झाडे चालतील?

प्रश्न : आम्ही ताराबाई पार्कात राहतो. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला गेल्यापासून त्याने पाळलेला व्हेल्ड शॅमेलिऑन माझ्याकडे आहे. जाळीच्या उंच पिंजऱ्यात मुलाने प्लास्टिकच्या वेली लावल्या आहेत. अलीकडे हा सरडा त्यातले एक पान तोंडात धरून ओढताना दिसला आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. गच्चीवर माझी बरीच झाडे आहेत : मनी प्लांट, जास्वंद, तुळस, क्रोटन, कण्हेर, अडेनियम, सदाफुली आणि एक डिफेनबेकिया. यांपैकी कोणती आत ठेवता येतील? नर्सरीतून आणलेला अरेका पाम आणि एक फर्न मी ठेवून पाहिले, पण दोन्ही पिवळे पडले आणि कुंड्यांतून बारीक चिलटे निघू लागली. मुलगा म्हणतो, ‘आई, प्लास्टिकच राहू दे.’ मला ते पटत नाही. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. प्लास्टिकच्या वेली आजच काढून टाका. जिवंत झाडे तयार व्हायला वेळ लागणार असला तरी तोपर्यंत पेरूच्या स्वच्छ, वाळलेल्या फांद्या आणि पिंजऱ्याच्या दोन बाजूंना बाहेरून लावलेले सुती कापड एवढ्यावर त्याचे भागू शकेल. घाई करायला सांगण्याचे कारण असे की, व्हेल्ड शॅमेलिऑन हा मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला सरडा आहे आणि बहुतेक शॅमेलिऑन केवळ किड्यांवर जगत असले तरी ही जात मोठी झाल्यावर पाने, फुले आणि कोवळे शेंडेही खाते. तिकडच्या कोरड्या दिवसांत पाण्याची गरज भागवायला हा पाला उपयोगी पडत असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे तुमचा सरडा उपाशी नव्हता किंवा त्याला कसला विकारही झालेला नव्हता. समोर पान दिसले आणि जातीच्या सवयीप्रमाणे त्याने ते खाऊन पाहिले. दुर्दैवाने प्लास्टिकचा तुकडा पोटात गेला तर तो पचत नाही आणि आतड्यात अडकून बसू शकतो. त्याने एखादा तुकडा गिळल्याची शंका असेल आणि त्याची शी काही दिवस झाली नसेल किंवा खाणे एकदम कमी झाले असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला लगेच दाखवा.

या पिंजऱ्यातले झाड शोभेसाठी नसते, हे मुलालाही समजावून सांगावे लागेल. शॅमेलिऑन सहसा वाटीतले साचलेले पाणी पीत नाही. सकाळी झाडावर फवारा मारून थोडा वेळ लांब उभे राहून पाहा. सुरुवातीला तो हलत नाही, फक्त डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत राहतो. मग पानाच्या टोकाशी लोंबणाऱ्या थेंबावर त्याची नजर स्थिरावते, तो पुढचा पाय संथपणे टाकत तिथवर जातो, पानाची कड तोंडात धरतो आणि मान किंचित वर करून गिळतो. प्लास्टिकच्या पानावरही थेंब थांबतात, हे मान्य. पण तिथला ओलावा जाळीतून बघता बघता उडून जातो, तर जिवंत झाड मुळांवाटे घेतलेले पाणी पानांवाटे दिवसभर हवेत सोडत राहते आणि आजूबाजूची हवा ओलसर राहते. दुसरे कारण आडोशाचे आहे. हा एकट्याने राहणारा आणि लपून जगणारा प्राणी आहे. चारही बाजूंनी उघड्या पिंजऱ्यात माणसांची ये-जा, मांजर, खिडकीतला कावळा या सगळ्यांचा ताण त्याच्यावर सतत राहतो. अंग काळपट पडते, खाणे तुटते आणि हळूहळू प्रकृती ढासळते. झाडे नीट वाढल्यावर तो तुम्हाला कधीकधी पाच-दहा मिनिटे शोधूनही सापडणार नाही. ते चांगले लक्षण समजा, तो दिसावा म्हणून पाने छाटू नका.

आता तुमच्या गच्चीवरच्या झाडांविषयी. कण्हेर कोणत्याही परिस्थितीत पिंजऱ्याच्या आसपाससुद्धा नको. तिच्या पानांपासून फुलांपर्यंत सर्वांगात हृदयाची गती बिघडवणारे विष असते आणि पिवळ्या कण्हेरीचेही तेच आहे. अडेनियम त्याच कुळातले आणि तितकेच घातक आहे. सदाफुलीतली द्रव्ये कर्करोगावरच्या औषधांसाठी वापरली जातात, यावरून ती किती तीव्र असतील याचा अंदाज यावा, तीही नको. क्रोटनचा चीक दाहक असतो, म्हणून तो बाहेरच बरा. तुळस विषारी नाही, मात्र तिला जेवढे कडक ऊन लागते तेवढे पिंजऱ्यात मिळणार नाही आणि ती चार दिवसांत पाने टाकेल, तेव्हा तिला वृंदावनातच राहू द्या. रस्त्याकडेला उगवणारी धोत्रा, रुई, घाणेरी आणि एरंड यांचा पाला किंवा फांदी ‘हिरवे दिसते’ म्हणून कुणी आणून दिली, तर ती घेऊ नका.

डिफेनबेकिया आणि मनी प्लांट यांचा विचार एकत्र करावा लागतो, कारण दोन्ही अळूच्या कुळातली आहेत. अळू नीट शिजले नाही की घसा खाजतो, तो त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या टोकदार स्फटिकांमुळे. तेच स्फटिक या दोन्ही झाडांत असतात. डिफेनबेकियाचा दाह फार तीव्र असतो, तोंड आणि जीभ सुजते, आणि ज्या प्राण्याचे सगळे पोट जिभेच्या नेमावर अवलंबून आहे त्याला हे परवडणारे नाही. मनी प्लांटचे प्रमाण सौम्य आहे. जगभर शॅमेलिऑन पाळणारे लोक वर्षानुवर्षे मनी प्लांट वापरत आले आहेत, व्हेल्ड शॅमेलिऑन त्याची पाने अधूनमधून कुरतडतात आणि सहसा त्यांना काही होत नाही. म्हणून मी मनी प्लांटला नाही म्हणणार नाही. तो एकटाच ठेवू नये, एवढेच सांगेन. सोबत खाण्याजोगे दुसरे झाड असले की त्याचे तोंड तिकडे वळते, आणि तरीही तो मनी प्लांटवरच ताव मारू लागला तर वेल काढून घ्या.

ते दुसरे झाड म्हणजे जास्वंद. तुमच्या यादीत तिच्याइतके योग्य झाड दुसरे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिची पाने आणि फुले दोन्ही तो खाऊ शकतो, खोड लाकडी असल्याने त्याचे वजन पेलते आणि छाटणी केली की झाड हव्या त्या आकारात दाट होते. एक काळजी मात्र घ्या : गणपतीला वाहण्यासाठी बाजारातून आणलेली जास्वंदीची फुले त्याला कधीही घालू नका, कारण त्या झाडांवर काय फवारले आहे हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. जास्वंद आणि मनी प्लांट यांच्या जोडीला मधल्या उंचीचे एक दाट झाड लागेल. त्यासाठी छत्रीसारखी पाने असलेला शेफ्लेरा किंवा बारीक पानांचा वीपिंग फायकस, यांपैकी जो मिळेल तो आणा. दोन्ही कमी उजेडात टिकतात. फायकसला चीक असतो, त्यामुळे छाटणी बाहेर करून, चीक पूर्ण वाळल्यावर आणि फांद्या पुसून घेतल्यावरच झाड आत घ्या. आणि जागा बदलल्यावर सुरुवातीला त्याची बरीच पाने गळतात, त्याने घाबरून जाऊन पाणी वाढवू नका. अरेका पाम विषारी नाही, तो मूळचा मादागास्करचा आहे आणि शॅमेलिऑनांच्या निम्म्याच्या आसपास जाती तिथल्याच आहेत. पण त्याच्या झावळ्या सरड्याच्या वजनाने वाकतात, म्हणून तो आडोशापुरता एका कोपऱ्यात ठेवा.

नर्सरीतून आणलेले झाड थेट पिंजऱ्यात ठेवणे ही या बाबतीतली मोठी जोखीम आहे आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. नर्सरीत रोपे ताजीतवानी दिसावीत म्हणून कीटकनाशके वापरली जातात. त्यांतली काही पानांवर बसतात आणि धुतल्यावर बऱ्याच अंशी निघून जातात, परंतु इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे मुळांतून किंवा पानांतून झाडाच्या रसात शिरतात आणि आठवडेच नव्हे तर काही महिने तिथे राहतात. ती कितीही धुतली तरी जात नाहीत. सरड्याने असे पान खाल्ले, किंवा तुम्ही सोडलेल्या रातकिड्याने ते पान कुरतडले आणि मग सरड्याने तो रातकिडा गिळला, तरी विष त्याच्या पोटात जायचे ते जातेच. याच कारणाने उसाच्या फडातून पकडून आणलेले नाकतोडेही मी त्याला द्यायला सांगणार नाही. नर्सरीचे झाड घ्यायचेच असेल तर ते आणल्याबरोबर कुंडीतून काढा, मुळांभोवतीची सगळी माती पाण्याखाली धुऊन टाका, पानांच्या दोन्ही बाजू साध्या पाण्याने पुसा, आपल्या मातीत लावा आणि गच्चीवर अर्ध्या सावलीत दोन-तीन महिने वाढू द्या. तोवर त्याला पुरेशी नवी पालवी आलेली असते.

तुम्हाला त्याहून सोपी वाट आहे. तुमच्या गच्चीवरच्या, कधीही रासायनिक फवारणी न झालेल्या झाडांची छाटकलमे लावा. मनी प्लांटचा पेराचा तुकडा पाण्यात ठेवला तरी दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतो आणि जास्वंदीची बोटाएवढी जाड काडी आपल्याकडच्या पावसाळ्यात सहज रुजते. गच्चीवर पिठ्या ढेकूण किंवा मावा झाला की तुम्ही काय वापरता, हे पत्रात आलेले नाही. निंबोळी तेल वापरत असाल तरी पिंजऱ्यासाठी राखलेल्या झाडांवर ते नको. मावा पाण्याच्या जोरदार धारेने आणि पिठ्या ढेकूण ओल्या कापडाने काढता येतो. पिंजऱ्याच्या खोलीत डास मारण्याचा फवारा, कॉइल, द्रवाची मशीन आणि अगरबत्ती यांनाही मज्जाव करावा.

कुंडीतली माती साधी ठेवा : पोयटा, कोकोपीट आणि पूर्ण कुजलेले थोडे कंपोस्ट. खताच्या गोळ्या आणि परलाइटचे पांढरे दाणे मातीत मुळीच नसावेत. शॅमेलिऑनची जीभ त्याच्या धडाच्या लांबीच्या दीडपट किंवा त्याहूनही लांब जाते आणि किडा मातीवर बसलेला असला तर किड्याबरोबर मातीही तोंडात येते. पांढरा दाणा हलताना दिसला तर तो किडा समजून त्यालाही तो टिपतो. मातीवर स्वच्छ धुतलेले गोटे पसरा, पण ते त्याच्या डोक्यापेक्षा मोठे असले पाहिजेत, कारण लहान खडे गिळले जातात.

तुमचा पाम आणि फर्न का गेले, याचे उत्तर चिलटांनी दिलेले आहे. ही चिलटे सतत ओल्या राहणाऱ्या मातीत वाढतात, सरड्याला त्यांच्यापासून अपाय नाही, पण त्यांचे असणे म्हणजे माती कधीच वाळत नाही याची खूण आहे. सरड्यासाठी मारलेल्या फवाऱ्याचे पाणी कुंडीत उतरत होते, वरून तुम्ही झाडालाही पाणी घालत असाल, आणि बशीत साठलेल्या पाण्यात मुळे कुजली. यापुढे बोट पेरभर मातीत घालून ती कोरडी लागली तरच झाडाला वेगळे पाणी द्या, कुंडीखालची बशी काढा आणि पिंजऱ्याच्या तळाशी पाणी वाहून जाईल अशी जाळी व तिच्याखाली ट्रे ठेवा. चिलटांसाठी मिळणारे पिवळे चिकट कागद पिंजऱ्यात लावू नका. सरड्याचा पाय किंवा जीभ त्यांना चिकटली तर मोठी इजा होते.

दुसरे कारण उजेडाचे आहे. सरड्याच्या अंग शेकण्याच्या दिव्याने झाडाची भूक भागत नाही, उलट दिव्याजवळची पाने करपतात. वरच्या जाळीवर ६५०० केल्विनची पांढऱ्या प्रकाशाची एक एलईडी ट्यूब १२ तास लावली तर शेफ्लेरा आणि मनी प्लांट उत्तम राहतात. जास्वंदीला तेवढ्याने पुरणार नाही. तिच्या दोन सारख्या कुंड्या करा. एक पिंजऱ्यात आणि दुसरी गच्चीवर, आणि दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल. तुमच्याकडे गच्ची असल्याने ही सोय तुम्हाला सहज करता येईल. गच्चीवरून कुंडी खाली आणताना पानांच्या मागची बाजू, खोडाच्या बेचक्या आणि कुंडीचा तळ नीट पाहा, कारण कुंडीबरोबर लाल मुंग्या आत आल्या तर त्या रात्री झोपलेल्या सरड्याला चावतात. पिंजऱ्यातून बाहेर आलेल्या झाडाची पाने धुतल्याशिवाय आणि हात साबणाने धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात वावरू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. त्या जास्वंदीची फुलेही पूजेला घेऊ नका.

मांडणी करताना शेकण्याची फांदी आणि अतिनील किरणांची ट्यूब यांच्यामध्ये एकही पान येता कामा नये, कारण पान ते किरण अडवते आणि त्या किरणांशिवाय त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग हाडे मऊ पडतात. ही फांदी मोकळी, आडवी आणि दिव्यापासून वीतभर अंतरावर असावी. तिथले तापमान ३० अंशांच्या आसपास राहते ना, हे तापमापकाने पाहा. तिच्या दोन्ही अंगांना दाट पाने हवीत, म्हणजे शेकून झाल्यावर दोन पावलांत त्याला सावलीत शिरता येईल. त्याच्या पायांची बोटे दोन आणि तीन अशा जुड्यांत जोडलेली असतात आणि तो चिमट्याने धरावी तशी फांदी पकडतो, म्हणून करंगळीपासून अंगठ्यापर्यंत निरनिराळ्या जाडीच्या फांद्या बांधा आणि त्याचा भार या फांद्यांवर पडू द्या. वेल आणि कोवळी पाने फक्त आडोशाला. पिंजरा मुलाने पिल्लू असताना घेतलेला असेल तर तो आता लहान पडत असण्याची शक्यता आहे. मोठ्या नराला साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच जागा लागते.

फवाऱ्याचे वेळापत्रक कोल्हापूरच्या हवेप्रमाणे बदलावे लागेल. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात सकाळी दिवे लागण्यापूर्वी आणि रात्री दिवे बंद झाल्यावर चांगला भरपूर फवारा द्या, दुपारी पाने चाखण्यापुरती ओली करा. जून संपता संपता पावसाची झड लागली की घरातली हवाच इतकी दमट असते की तसाच फवारा चालू ठेवला तर पिंजरा दिवसरात्र ओला राहतो, पानांवर आणि फांद्यांवर बुरशी चढते आणि सरड्याच्या छातीत संसर्ग होतो. त्या दिवसांत सकाळी पिण्यापुरते पाणी द्या, दिवसा पाने पूर्ण कोरडी होऊ द्या आणि खोलीत पंख्याची हवा खेळती ठेवा, मात्र झोत थेट पिंजऱ्यावर नको. त्याला पाणी पुरते आहे की नाही हे त्याच्या शीबरोबर पडणाऱ्या घट्ट लघवीच्या भागावरून कळते : तो पांढरा असेल तर ठीक, पिवळा-नारिंगी होऊ लागला तर पाणी कमी पडते आहे. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, तोंडाशी बुडबुडे येणे किंवा दिवसा डोळे मिटून बसणे यांतले काहीही दिसले तर वाट न पाहता डॉक्टर गाठा.

तुम्ही ‘सरडा’ असे लिहिले आहे, पण तो नर आहे याची खात्री केली आहे का? व्हेल्ड जातीच्या नराला मागच्या पायाच्या टाचेवर जन्मापासून छोटा उंचवटा असतो, मादीला नसतो. ती मादी असेल तर नराशिवायही अंडी धरते, आणि एक दिवस अस्वस्थ होऊन तुमच्या जास्वंदीची माती उकरू लागेल. अशा वेळी तिला हाकलू नका. सात-आठ इंच खोल ओलसर वाळू आणि माती भरलेले पसरट भांडे तिला आधीपासूनच पिंजऱ्यात उपलब्ध असायला हवे. जागा न मिळाल्याने अंडी पोटात अडकली तर मादी दगावते.

राहिला कायद्याचा भाग. आपल्या जिल्ह्यातल्या माळरानांवर आणि बांधांवर आढळणारा भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित आहे. तो पाळणे हा गुन्हा आहे. खेड्यापाड्यांत त्याला विषारी समजून दगड घालतात हे अतिशय क्लेशदायक आहे, कारण त्याला विष नसतेच. व्हेल्डच्या डोक्यावरचा तुरा उंच, उभ्या पात्यासारखा असतो आणि अंगावर पिवळे-निळसर पट्टे असतात; भारतीय जातीचा तुरा बुटका असतो. तुमच्याकडे चुकून भारतीय जात असेल तर तिला बागेत सोडून न देता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. व्हेल्ड असला तरी त्याची जात ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे अशा यादीत येते, आणि कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती व त्याखालचे २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते. ती मुलाने केली आहे का, हे त्याला विचारा आणि कागद घरी मागवून घ्या. त्याच फोनवर अतिनील किरणांची ट्यूब केव्हा बसवली तेही विचारा, कारण ती प्रकाश देत राहिली तरी तिचे किरण सहा महिने ते वर्षभरात क्षीण होतात. तारीख आठवत नसेल तर नवीन ट्यूब आणा आणि तिच्या खोक्यावर बसवल्याची तारीख लिहून ठेवा.